सगळ्या द्वारकेने ऐकलेलं आत्याचं गाणं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच खिदळलात तर मी उठून जाईन, कारण हे सांगताना माझं डोकं अजूनही तापतं. कोणावर म्हणून विचारता? आधी दुकानदारावर, मग नवऱ्यावर, मग शेजाऱ्यांवर, मग कानाच्या डॉक्टरवर. आणि शेवटी कोणावर, ते ऐकाच. चहा घ्या आधी, गार होतोय.

तर माझी शालूआत्या. सांगलीची. ऐंशी ओलांडली आहे, पण अजून ताठ बसते आणि तशीच बोलते. तरुणपणी ही बाई रेडिओवर गायली होती. एकदाच! मग लग्न झालं, सासर आलं आणि गाणं संपलं, ते आरतीपुरतं उरलं. पण तिची खरी हळहळ वेगळीच होती. तेव्हा कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. ती आत माइकसमोर गात होती आणि बाहेर लोक रेडिओला कान लावून बसले होते. "अख्ख्या सांगलीने माझं गाणं ऐकलं, मी सोडून," असं ती आयुष्यभर सांगत आली.

आणि मागच्या हिवाळ्यात काय व्हावं? माझ्या भावाला, दादाला, माळ्यावरच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. कोणीतरी त्या दिवशी रेडिओसमोर स्पूलचा टेप धरून ठेवला होता आणि पुढे ते कॅसेटवर उतरवून घेतलं होतं! दादाच्या मुलाने ती कॉम्प्युटरवर चढवली आणि मला पाठवली. "आत्याचं रेडिओवरचं गाणं सापडलं!!!" असा खाली मेसेज.

मी ताबडतोब दादाला फोन लावला. "तिला ऐकवलंस?"

"आज संध्याकाळी ऐकवतो."

"खबरदार! फोनच्या त्या चिरक्या आवाजात ऐकवशील तर! बाईने आयुष्यभर वाट बघितली आहे. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे येते आहे ना? मी ऐकवीन. नीट. समोर बसून गाते आहे असं वाटलं पाहिजे."

दादा बिचारा "बरं" म्हणाला. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहे, राहते दिल्लीच्याच द्वारका उपनगरात. दिवसभर लोकांना 'हे असं नाही, तसं करा' सांगायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, असं माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं म्हणणं. तुम्हीच सांगा, कोणीतरी सांगायला नको का?

मग मी स्पीकर घ्यायला निघाले. सुधीर म्हणाला, "दोन साधे डबे घेऊ, टीव्हीच्या बाजूला ठेवू, झालं." झालं काय? हा माणूस लोणचं आणि मुरंबा एकाच चमच्याने घेतो, त्याला आवाजातलं काय कळणार!

दुकानात आम्हाला डबे दाखवले, उंच खोके दाखवले, आणि मग एका कोपऱ्यात ते दिसले. चपटे. माणसाच्या छातीएवढे उंच, जाडीला पाटापेक्षा थोडेसेच जास्त, वर काळं कापड ताणलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये पॅनल स्पीकर है. डब्बा नहीं, परदा है परदा! पूरा परदा गाता है." त्याने एका बाईचा आलाप लावला आणि खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, ही बाई आत्ता पुढे येऊन मला पाणी मागेल.

"हेच," मी म्हटलं.

"नंदा, डबे अर्ध्या किमतीत…" सुधीर सुरू झाला.

"अरे, आपला हॉल केवढा? डबे जागा खातील. हे चपटे आहेत, भिंतीला कॅलेंडरसारखे चिकटून उभे राहतील. ना भैया?"

दुकानदाराने तोंड उघडलं. "मॅडम, दीवार से इनको थोड़ा…"

"हां हां, पता है," मी म्हटलं. बिल करा म्हटलं. आता बघा, त्या माणसाला खरंच काही सांगायचं होतं तर त्याने जोर लावून सांगायला नको का? गिऱ्हाईक बोलतंय म्हणून गप्प बसायचं? हे काय दुकान चालवणं झालं?

घरी आणून भिंतीला लावले आणि गाणं सुरू केलं. कॅसेटची सुरुवात कापली गेली होती, निवेदिकेचं बोलणं वगैरे काही नाही, एकदम गाणंच सुरू व्हायचं. आवाज आला, पण कसा? गोधडीत तोंड घालून कोणी गावं तसा!

आमची रेवा, माझी लेक, कॉलेजात आहे. जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठी अशी की तिच्या आजीला दुभाषी लागावा. तिने फोनवर माहितीपत्रक शोधलं. "आई, इसमें लिखा है, भिंतीपासून चार फूट दूर ठेवायचे. याचा आवाज मागून पण येतो म्हणे, जितना आगे से, उतना ही पीछे से."

"मागून कशाला? मागे कोण बसलंय ऐकायला?"

"मला काय माहीत! और सुन ना, साइडला…"

"पुरे! मला माहितीपत्रक नको. मला कान आहेत."

म्हणजे बघा हं! जागा वाचावी म्हणून चपटे घेतले, आणि ते चपटे महाराज भिंत सोडून हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले! पुढे सोफा, मागे स्वयंपाकघराचं दार, एका बाजूला बाल्कनी. टीव्ही बघायचा तर मान वाकडी करायची. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जायचं. शेजारच्या भल्ला आंटी आल्या आणि म्हणाल्या, "नया एअर प्युरिफायर लिया? दो-दो?" गॅसवाल्याने हीटर समजून हात शेकायला पुढे केले. आणि सुधीरने, माझ्या सख्ख्या नवऱ्याने, त्यावर ओला टॉवेल वाळत घातला! मी त्याच्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले.

मग जागा ठरवण्याचा कार्यक्रम. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा केल्या. गाण्याच्या पहिल्या ओळी लावायच्या, थांबवायचं, पॅनल चार बोटं सरकवायचं, जरा तिरकं करायचं, परत पहिल्यापासून. डावं पुढे, उजवं मागे. सुधीर पॅनल धरून, मी सोफ्यावर डोळे मिटून. "अजून थोडं. थोडं! थोडं म्हणजे एवढं नाही!" घरात सगळ्यांना मुखडा पाठ झाला. रेवा आंघोळीला जाताना तोच गुणगुणायची.

"आई यार, कभी आगे भी तो चलने दे!" ती म्हणाली.

"नाही. पूर्ण गाणं आत्याबरोबर बसूनच ऐकायचं." हे मी इतक्या भावनेने म्हटलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

आत्या आली. दिल्लीची थंडी तुम्हाला माहीतच आहे. स्वेटर, त्यावर शाल, पायात मोजे, कानाला रुमाल, आणि तरी "गारठा आहे हो!" मी तिला मानाने सोफ्यावर बसवलं, अगदी बरोबर मधोमध, जिथून आवाज सगळ्यात सुंदर लागतो तिथे. ती दोन मिनिटांत उठली. बाल्कनीच्या काचेतून ऊन आत येत होतं, तिथे खुर्ची ओढून बसली.

"आत्या, इकडे बस ना, गाणं ऐकायचंय."

"अगं, ऐकायला काय, इथून ऐकते की. तिथे उन्हाचा पत्ता नाही." आणि ती खुर्ची तिने सोडली नाही. पॅनलच्या अगदी बाजूला, म्हणजे तिला त्या पडद्याची नुसती कड दिसत होती. मी म्हटलं, ठीक आहे, एवढा महागडा स्पीकर, एवढ्याशा हॉलमध्ये कुठेही बसलं तरी ऐकू येणारच!

रुमाल सोडायला लावला. गाणं लावलं. मी आत्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. आता डबडबतील डोळे, आता डबडबतील!

आत्या बाल्कनीतल्या कबुतराकडे बघत होती.

"आत्या! कसं वाटतंय?"

"छान आहे गं. ऊन छान आहे."

"अगं, ऊन नाही, गाणं!"

"हो हो, गाणंही छान," ती म्हणाली. पाहुण्याने अळणी आमटीला छान म्हणावं, त्या आवाजात.

मी लगेच गाणं थांबवलं. जागा चुकली असणार! पॅनल सरकवलं, परत पहिल्यापासून. पुन्हा कबुतर. आवाज वाढवला. आत्याने शाल सारखी केली. अजून वाढवला. आत्या म्हणाली, "कुठेतरी लांब कोणाचा तरी रेडिओ लागलाय वाटतं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त आवाज दुप्पट. तोवर भल्ला आंटींचा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. "संगीत बहुत अच्छी चीज़ है, लेकिन सुबह-शाम वही दो लाइन?" खाली अठरा जणांचे अंगठे! अठरा! पाण्याच्या तक्रारीला कधी चार अंगठे आले नाहीत.

पण लिफ्टमध्ये एक सभ्य गृहस्थ भेटले. "मॅडम, वो जो आपके यहाँ गाती हैं, कौन हैं? क्या गला है!"

मी फुलून गेले. "मेरी बुआ जी हैं. आवाज़ तो हमारे ख़ानदान में ही है."

मग मला चढलं. मी त्या मुखड्याची छोटी क्लिप कापून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली. 'माझी शालूआत्या, रेडिओ गायिका.' तासाभरात कौतुकाचा पाऊस. मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आत्याबाईंचा सत्कार करू या. शाल, श्रीफळ, आणि हेच गाणं लावू." मी हो म्हणून टाकलं. विचारायचं काय त्यात?

म्हणजे सगळ्या द्वारकेने ऐकलं, डोलली द्वारका! आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती कबुतरं मोजत बसलेली. यातून काय निष्कर्ष निघतो? सरळ आहे. आत्याला ऐकू येत नाही, आणि ती ते लपवते आहे!

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! बिचारीचं गाणं सापडलं, ते कान गेल्यावर! मी दादाला फोन करून फैलावर घेतलं. "आत्या ठार बहिरी झाली आणि तुम्हाला पत्ता नाही?"

"कोण, शालूआत्या?" दादा म्हणाला. "अगं, परवा मी आतल्या खोलीत फोनवर तुझ्याबद्दल हळूच काही बोललो, ते तिने ओसरीवरून ऐकलं."

"काय बोललास?"

"ते जाऊ दे."

मी काय ऐकते! जेवताना मी आत्याच्या कानाशी जाऊन, "आत्याऽऽ! भाजीऽऽ हवीऽऽ का?" असं विचारायला लागले. ती दचकून घास टाकायची. एकदा तिने सुधीरला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. सुधीर हसत होता. मला म्हणाला, "काही नाही, तब्येतीची चौकशी करत होत्या." कोणाच्या तब्येतीची, ते नाही सांगितलं! याला नवरा म्हणायचं?

शेवटी मी कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. "आत्या, जरा डॉक्टरकडे जाऊन येऊ," म्हटलं, तर ती एका शब्दाने विरोध करेना. उलट माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "जाऊ या हो बाळ, घाबरू नकोस."

डॉक्टरने विचारलं, "पेशंट कौन है?"

मी आत्याकडे बोट दाखवलं. आत्याने माझ्याकडे. अगदी एकाच वेळी!

"अहो, हिला ऐकू येत नाही," आत्या त्याला समजावून सांगायला लागली, मराठीतच. "घरात ओरडून बोलते. आठ दिवस झाले, दोन पडदे इकडून तिकडे सरकवत बसते बिचारी."

डॉक्टरने दोघींनाही त्या काचेच्या खोलीत बसवलं. आत्याचा अहवाल आला, "उम्र के हिसाब से बहुत बढ़िया." माझाही ठीकच होता. पण तो डॉक्टर, माझा मुलगा शोभेल असा डॉक्टर, मला म्हणतो कसा, "कान आपके भी ठीक हैं, मॅडम. बस, सामनेवाले को बोलने दिया कीजिए."

मी त्याला काय बोलले ते इथे सांगत नाही. परतीच्या टॅक्सीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि आत्या माझा हात धरून बसली होती.

घरी आले ती फणफणतच. कान ठीक आहेत ना? मग ऐकूच दे आज! रेवाने दार उघडताच मी तिला फर्मावलं, "लाव गाणं. पूर्ण आवाजात. भल्ला आंटींना काय म्हणायचंय ते म्हणू देत!"

आत्या तिच्या उन्हातल्या खुर्चीत बसली. गाणं सुरू झालं. आत्या शांत. मी तिच्यासमोर उभी, हात कमरेवर. इतक्यात आत्याने नाक वर केलं. "दूध उतू जातंय वाटतं," म्हणाली आणि उठून स्वयंपाकघराकडे गेली. पॅनलला वळसा घालून, पलीकडे, मागे.

आणि दारातच थांबली.

पॅनलच्या वरून आत्याचं नुसतं डोकं दिसत होतं. ते हललं नाही. ऐकू आलं! तिला ऐकू आलं! मी पळत गेले. रेवाने गॅस बंद केला. सुधीर आला.

आत्या वळली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"नंदे, हे कुठून वाजतंय?"

"अगं, याच पडद्यांतून! आठवडाभर वाजतंय!"

"मग तिथे खुर्चीत का नाही ऐकू येत? तिथे नुसतं लांबून कोणी कुजबुजल्यासारखं येतं!"

"वही तो मैं बता रही थी!" रेवा ओरडली. "पुढून येतो, मागून येतो, साइडला नाही येत! साइडला आवाज कटतो, म्हणून तिथे कोणाला बसवायचं नाही, असं साफ लिहिलं होतं! तूने सुना ही नहीं!"

म्हणजे अख्ख्या घरात जी एक जागा ऐकण्यासाठी बाद, बरोबर त्या जागी मी माझ्या आत्याला आठ दिवस बसू दिलं होतं. स्वयंपाकघरातल्या कुकरलाही तिच्यापेक्षा बरं ऐकू येत होतं.

"आत्या, मग बोलली का नाहीस गं?"

"मला वाटलं, यंत्र बिघडलंय आणि तुला कबूल करायचं नाहीये. एवढा खर्च केलास. भाचीच्या घरी येऊन नावं काय ठेवायची? म्हणून म्हटलं छान." मग तिने पॅनलकडे बोट दाखवलं. "ते राहू दे. आधी हे सांग, ही कोण गातेय?"

"कोण म्हणजे? तू!"

"मी?" आत्याचा आवाज असा चढला की भल्लांकडे नक्की गेला असेल. "ही मी? अगं, ही वत्सला आहे!"

वत्सला कोण, ते आमच्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. आत्याच्याच गुरुजींकडे शिकायची. आत्याला मिळायची ती बक्षिसं हिने पळवली, गुरुजींच्या समोर पुढे पुढे केलं, आणि आत्याची नवी साडी बघून "जुनी बरी होती" म्हणाली. साठ वर्षांत आत्याने तिचं नाव चांगल्या शब्दात घेतलेलं नाही.

"त्या दिवशी आम्ही दोघी होतो," आत्या दातओठ खात म्हणाली. "आधी ती, मग मी. पुढे नाही ऐकलंत तुम्ही?"

सुधीर आणि रेवा, दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पुढे कसं ऐकणार? दर वेळी दोन ओळी झाल्या की मी थांबवत होते ना, चार बोटं सरकवायला!

"आणि रोज मला विचारत होतीस, आत्या, कसं आहे तुझं गाणं? आणि मी म्हणत होते, छान! मी! वत्सलेला छान म्हणत होते!" तिने डोक्याला हात लावला. "कोणाकोणाला ऐकवलंस हे माझं म्हणून?"

"सोसायटीत… सगळ्यांना," सुधीर म्हणाला. त्याला विचारलं होतं का कोणी? "आणि मंडळाच्या ग्रुपवर. संक्रांतीला सत्कार आहे."

"म्हणजे दिल्लीत वत्सलेचा सत्कार! आणि नारळ मी घ्यायचा?"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. स्वयंपाकघर केवढं आमचं! मी म्हटलं, "आत्या, बाहेर चल, सोफ्यावर बस, नीट ऐकू."

"काही नको. इथे ऐकू येतंय, इथेच ऐकते. आता हात लावायचा नाही कोणी त्या पडद्यांना. वाजू दे पुढे."

आणि मग आम्ही चौघं, एवढे महागडे स्पीकर हॉलमध्ये सोफ्याकडे तोंड करून उभे असताना, त्यांच्या पाठीमागे, ओट्याला टेकून, उतू गेलेल्या दुधाच्या वासात उभे राहिलो. वत्सला संपली. थोडी खरखर झाली. मग दुसरा आवाज आला.

पहिल्या ओळीला तो किंचित कापला. दुसरीला सावरला. आणि मग जो उठला, बाई गं! रेवासुद्धा फोन खाली ठेवून ऐकत होती. आत्याचा हात ओट्यावर होता आणि बोटं ताल धरत होती. ओठ हलत होते, सगळे शब्द अजून पाठ. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून शालीवर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

गाणं संपलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "घाबरले होते गं मी तेव्हा. कळतंय ना ऐकून?" आणि मग, "पण बरी गायचे हो."

मला राहवलं नाही. मी तिच्या गळ्यातच पडले. रडत रडत म्हटलं, "आत्या, काय तुझा आवाज! लाखात ओळखला असता मी!"

आत्याने पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर आठवडाभर वत्सलेला ओळखत होतीस."